कोऱ्या नमुन्यातलं तांबं

चुडामण सुरवाडेनं धुळ्याला बाई ठेवली आहे, ही बातमी आमच्या कॉलेजात पहिल्यांदा कोणी आणली हे मला विचारू नका. बातमी आली, तिनं ऑफिसात चहा घेतला, स्टाफरूममध्ये पान खाल्लं आणि संध्याकाळी जिल्हापेठेत फिरायला गेली, एवढं मी खात्रीनं सांगतो.

बातमी अशी होती. दर शनिवारी दुपारी दीडच्या एसटीनं चुडामण जळगावहून धुळ्याला जातो. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात केळीची फणी. सोमवारी पहिल्या गाडीनं परत येतो तेव्हा डोळे तांबारलेले, पँट गुडघ्यापर्यंत ओली, आणि पहिल्या तासाला पोरांसमोर जांभया. घरी बेबाबाईसारखी बायको, शाळेत जाणारी मुलगी. मग केळी कोणासाठी? थर्मासात काय? कोणी म्हणालं कुल्फी, कोणी म्हणालं मोगऱ्याचे गजरे, बर्फात ठेवलेले. पुढे एक्क्याण्णव साली त्यानं आठ वर्षांची पीएचडी एकाएकी सोडली, तेव्हा बातमीला शेपूट फुटलं. बाई दुसऱ्याबरोबर पळाली, म्हणून याचं मन उडालं.

मी त्या कॉलेजात हेडक्लार्क. नाव मोतीलाल, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे मोतीनाना म्हणायचे. कोणाची रजा, कोणाची बढती, कोणाच्या मेहुण्यानं काय केलं, सगळं माझ्या टेबलावरून पुढे जायचं. जाता जाता थोडं सजायचंही. तेव्हा मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं.

चुडामण पाचोऱ्याजवळच्या खेड्यातला. बाप रेल्वेत गँगमन, बौद्ध वस्तीतल्या दोन खोल्या, आणि त्या वस्तीतला हा पहिला एमएस्सी. आमच्याकडे फिजिक्सचा लेक्चरर म्हणून आला तो शहात्तर साली. उंच, हडकुळा, बोलण्याआधी एक क्षण थांबायचा. मी वयानं चार वर्षांनी मोठा, म्हणून लिहिताना अरे-तुरे करतोय. समोर मात्र आम्ही एकमेकांना अहो-जाहोच करायचो.

तो आला त्या पहिल्याच आठवड्यातली एक गोष्ट आहे. पुढचं सगळं त्या गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. स्टाफरूमच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ असायचा. चुडामणनं तास संपल्यावर त्यातला पेला भरला आणि उभ्यानं प्याला. तासाभरानं शिपायानं माठ उचलून मागे नेला, रिकामा केला, काथ्यानं घासला आणि नवं पाणी भरून आणला. त्याला कोणी सांगितलं, ते कोणी सांगितलं नाही. माठ घासायचा वार शुक्रवार असायचा. त्या दिवशी मंगळवार होता. मी ऑफिसच्या खिडकीतून सगळं पाहिलं आणि रजिस्टरात मान घातली. चुडामणही व्हरांड्यात उभा होता. दुसऱ्या दिवसापासून तो घरून पाण्याची बाटली आणू लागला. पंधरा-वीस वर्षं आणली. आणि मी काय करावं? मी त्याला चिडवायचो.

"काय सुरवाडे, बाटलीत गंगाजल का?"

"नाही नाना. घरचं आहे," तो म्हणायचा आणि हसायचा.

त्र्याऐंशी साली त्यानं पीएचडीला नाव नोंदवलं. गाईड होते धुळ्याच्या एका कॉलेजातले भाईदास सर. धोतर, काळा कोट, तोंडात कायम लवंग. त्यांनी एका मोठ्या प्रयोगशाळेनं मोडीत काढलेलं क्ष-किरणांचं यंत्र धुळ्याला आणून स्वतःच्या हातानं उभं केलं होतं. रजेच्या अर्जावर चुडामणनं विषय लिहिला तो मला दोनदा वाचूनही कळला नाही.

"सर, सोप्या भाषेत सांगा," मी म्हणालो, "नाहीतर अर्ज पुढे जाणार नाही."

तो एक क्षण थांबला. "नाना, तुम्ही लग्नाच्या पंगतीत बसता. शेजारी कोण आहे त्यावर तुमची भूक बदलते की नाही?"

"शेजारी व्याही असला तर मरते."

"तांब्याच्या अणूचं तसंच आहे. एका ठरावीक ताकदीचा क्ष-किरण आला की अणू तो गिळतो. फिल्मवर तिथे पायरी उमटते. तांबं एकटं असलं तर पायरी एका जागी असते. तेच तांबं डीएनएला जाऊन चिकटलं, आपले काही इलेक्ट्रॉन त्याला दिले, त्याचे काही ओढून घेतले, की पायरी केसभर सरकते. ती किती सरकली ते मोजायचं. त्यावरून कळतं की तांबं डीएनएच्या नेमकं कुठे बसलंय आणि त्याच्याशी किती गुंतलंय."

"म्हणजे तुम्ही अणूंच्या भानगडी शोधता."

"तुमच्याच धंद्यातला आहे मी, नाना."

त्या दिवशी मी अर्जावर सही घेऊन दिली आणि चहाही पाजला.

डीएनए विकत आणायचं तर परदेशातून. त्यापेक्षा चुडामण हनीफ खाटकाकडे जायचा. कोवळ्या बोकडाच्या गळ्याखाली एक मऊ गाठ असते, तिच्यात डीएनए भरपूर. हनीफ ती वेगळी काढून ठेवायचा आणि दर खेपेला विचारायचा, "सर, भाभीको बोलो मसाला जास्ती डाले. ये गाठ फिकी लगती है ना?" चुडामण "हो" म्हणायचा. खरं सांगत बसला तर हनीफ गाठ देईनासा होईल, ही त्याला भीती. ती गाठ मिठाच्या गार पाण्यात वाटायची, गाळायची, आणि वरून थंड स्पिरिट हळूच ओतायचं. मग काचेच्या कांडीवर पांढरे तंतू गुंडाळून वर येतात. जिनिंगमधून सरकी काढून आलेल्या कापसासारखे, पण ओले. एकदा त्यानं मला मुद्दाम बोलावून दाखवले.

"या बोकडाचं सगळं इथं लिहिलंय, नाना."

"शिंगंपण?"

"शिंगंपण."

त्याचा चेहरा त्या वेळी असा होता की पुढचा विनोद मला सुचला नाही.

आता पाण्याकडे येतो. तंतू काढले की ते पातळ पडद्याच्या पिशवीत भरून शुद्ध पाण्यात ठेवायचे, म्हणजे मीठ आणि बाकीचा कचरा निघून जातो. दोन दिवस, दर काही तासांनी पाणी बदलायचं. कॉलेज पाचला बंद. म्हणून हे काम तो घरी करायचा. पाणी मात्र कॉलेजातलं, वाफ थंड करून शुद्ध केलेलं. नळ बुधवारी यायचा, तेव्हा ते पाणी काढायचं यंत्र चालायचं. स्टोअरवाल्यानं त्याला अॅसिडच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या दिल्या होत्या, लेबलावर कवटी आणि दोन हाडं. बुधवारी संध्याकाळी त्या भरून सायकलच्या कॅरिअरला बांधायच्या आणि घरी न्यायच्या. गुरुवारी पहाटे फॅक्टरीतून बर्फ आणायचा आणि धुवायला सुरुवात. शनिवारी तयार नमुना थर्मासात, बर्फात, धुळ्याला. कुल्फी ती एवढीच.

मी त्याच्या घरी पहिल्यांदा गेलो ते चौऱ्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत. बेबाबाईनं बसायला पाट दिला आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. ठेवून तिथेच उभी राहिली. बाई भडगावकडची, दुसरीतून शाळा सुटलेली, पण नजर अशी की खोटं बोललात तर दिसेल. मी पाणी प्यालो. घोट खाली उतरलेला तिनं पाहिला, मगच आत चहाला गेली.

भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. खाली लाकडी घडवंचीवर तांब्याचा हंडा, इतका घासलेला की मला त्यात माझं टक्कल दिसलं. गळ्यावर नाव घातलेलं होतं: भागाबाई.

"कोणाचं नाव?" मी विचारलं.

"मनी मायनं शे," ती आतून म्हणाली. माझ्या आईचं म्हणून. मग कप हातात देताना तिनं सांगितलं. तिची आई मातीचं मडकं घेऊन गावच्या विहिरीपाशी उभी राहायची. पायरीवर चढायचं नाही. कोणाला दया आली तर वरून ओतायचा, नाहीतर मडकं रिकामं. दीक्षा घेतल्यावर दुसऱ्या वर्षी बापानं भडगावच्या बाजारातून हा हंडा आणला, दुकानातच आईचं नाव घालून घेतलं. आईनं तो गिरणा नदीवर भरला आणि गावाच्या मधल्या रस्त्यानं डोक्यावर आणला. घर आडरस्त्यानं जवळ होतं, तरी मधल्या रस्त्यानं.

"लगीनमां मायनं मले दिधा," बेबाबाई म्हणाली. आईनं लग्नात मला दिला. मग नवऱ्याकडे बघून मला म्हणाली, "नाना, यासना नावपुढे डॉक्टर लागनार शे. खरं ना?"

"लागणार म्हणजे? लागलंच समजा वहिनी. तुम्ही डॉक्टरीणबाई."

ती तोंडाला पदर लावून हसली. ते तिचं एकच स्वप्न होतं. चुडामणला रीडरची जागा पीएचडीशिवाय मिळणार नव्हती, ते होतंच. पण तिला जागेबिगेचं काही नव्हतं. दारावरच्या पाटीवर 'डॉ.' लिहिलेलं तिला पाहायचं होतं. अक्षर वाचता येत नव्हतं, पण ते पहिलं अक्षर कसं दिसतं ते तिनं मुलीकडून तिच्या शाळेच्या पाटीवर काढून घेतलं होतं.

धुळ्याचं यंत्र पाहायला मी गेलो नाही. पण वर्णन इतक्यांदा ऐकलंय की डोळे मिटले की दिसतं. क्ष-किरणांची नळी चालू केली की तापते. तिच्यातून पाणी सारखं फिरतं ठेवावं लागतं, नाहीतर जळून जाते. एका फिल्मला तीस तास. आणि धुळ्याला नळाला पाणी तीन दिवसांतून एकदा, तासभर. मग भाईदास सरांनी गच्चीवर टाकी बसवली आणि चुडामण ती बादल्यांनी भरायचा. शनिवार संध्याकाळपासून रविवारच्या रात्रीपर्यंत. कॉलेजच्या भिंतीमागे सुगराबी नावाच्या बाईंच्या अंगणात विहीर होती. तिथून शेंदायचं आणि जिन्यानं वर न्यायचं. वीज गेली की फिल्म वाया, पुढच्या शनिवारी पुन्हा. पँट ओली असायची ती अशी. केळी सुगराबीला.

तांब्याचं प्रमाण बदलून एकेक नमुना. आधी जास्त तांबं, मग निम्मं, मग पाव, मग नावापुरतं. सहा वर्षांत बावीस फिल्म. आणि गंमत अशी की पायरी प्रत्येक फिल्मवर एकाच जागी सरकलेली. तांबं कमी केलं तरी तिथेच, फारशी फिकीही नाही. भाईदास सर लवंग चघळत म्हणाले, "सुरवाडे, हे मोठं आहे. तांब्याला डीएनएत एक ठरलेली जागा आहे. कितीही घाला, आधी तिथेच जाऊन बसतं." प्रबंध टाइप झाला. एकोणनव्वदच्या मार्चमध्ये तो परीक्षकांकडे गेला. बेबाबाईनं पाटीसाठी लाकूड आणून ठेवलं.

वर्ष उलटल्यावर एका परीक्षकाचं पत्र आलं. चार ओळींचं. काम नेटकं आहे. मात्र ज्यात तांबं मुळीच घातलेलं नाही अशा कोऱ्या डीएनएची फिल्म जोडलेली नाही. ती पाठवावी.

ती फिल्म त्यांनी काढलीच नव्हती. भाईदास सर म्हणाले होते, "ज्यात तांबं नाही त्यात काय दिसणार? तीस तास आणि विहिरीचं पाणी फुकट." तेव्हा चुडामणलाही ते पटलं होतं.

आता काढली. जून नव्वद. भाईदास सरांनी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली, वाळवली, उजेडात धरली. पायरी होती. त्याच जागी.

तांबं घातलं नव्हतं, आणि तांबं होतं. म्हणजे बावीसच्या बावीस नमुन्यांत त्यांनी घातलेल्या तांब्यावर आणखी कुठलं तरी तांबं बसलेलं होतं, आणि त्यांनी मोजलेलं एकही प्रमाण खरं नव्हतं. डीएनएला तांब्याची ओढ फार. पाण्यात चिमूटभर असलं तरी वेचून घेतं.

पुढचे सहा महिने चुडामण ते तांबं शोधत होता. मीठ तपासलं. स्पिरिट तपासलं. कॉलेजच्या पाणी काढायच्या यंत्राची नळी तपासली, काचेची निघाली. यंत्रातून नुकतंच आलेलं पाणी तपासलं, शुद्ध. हनीफच्या सुऱ्यासुद्धा पाहून आला. तेव्हा मीच म्हणालो होतो, "काय सर, चोर सापडला का?" आणि तो एक क्षण थांबून म्हणाला होता, "घरातलाच कोणीतरी आहे, नाना." त्याला तेव्हा म्हणायचं होतं प्रयोगशाळेतलाच. डिसेंबरात ते खरं ठरायचं होतं, हे ना त्याला माहीत ना मला.

मग एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये विद्यापीठाचं पत्र माझ्या टेबलावर आलं. दूषित तांब्याचा उगम सांगता न आल्यानं काम ग्राह्य धरता येत नाही, नोंदणी रद्द. मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. रीडरची जागा त्याच्याहून सहा वर्षांनी धाकट्याला गेली. चुडामण शनिवारचा धुळ्याला जायचा बंद झाला, आणि बातमीला शेपूट फुटलं ते तेव्हा.

आता जे सांगायचं आहे ते टाळता येत नाही. एप्रिलात बेबाबाई ऑफिसात आली. मुलीच्या दाखल्याचं काहीतरी होतं. दाखला घेतला आणि गेली नाही. टेबलाशी उभी राहिली.

"नाना, लोक म्हनतस ते खरं शे का? धुळानं?"

मी पान लावत होतो. खोलीत आणखी दोघं होते, त्यांचे कान इकडे. अशा वेळी माझी जीभ माझ्या ताब्यात नसायची.

"वहिनी," मी म्हणालो, "केळी काही यंत्र खात नाही."

ते दोघं हसले. ती हसली नाही. दाखल्याची घडी घालून गेली.

त्यानंतर सहा वर्षांनी, सत्त्याण्णव साली, मी आणि चुडामण एका लग्नाहून परतताना पाचोऱ्याच्या स्टेशनवर अडकलो. गाडी दोन तास लेट. भर दुपार, बाकावर आम्ही दोघंच. मी रिटायर झालेलो, त्याचे केस पांढरे. मला राहवेना.

"सर, आता तरी सांगा. आपण दोघंही म्हातारे. ती धुळ्याची कोण होती?"

तो एक क्षण थांबला. मग त्यानं सांगितलं. सरळ, वर्गात शिकवतात तसं.

नव्वदच्या डिसेंबरातला एक गुरुवार, कोरे नमुने अजून चालूच होते. पहाटे तो नेहमीसारखा बर्फाला गेला, तर वीज नसल्यानं फॅक्टरी बंद. एरवी तासाभरानं परतायचा, त्या दिवशी दहा मिनिटांत परतला. दार लोटलेलं. बेबाबाई हंडा कमरेवर तिरपा धरून त्यातलं पाणी अॅसिडच्या बरणीत ओतत होती, फडक्यातून गाळून.

"काय करतेस?"

ती दचकली नाही. उलट खूश झाली. कोणीतरी पाहिलं एकदाचं.

"तुमनं पाणी शे," ती म्हणाली. "इतलं चांगलं पाणी तुम्ही त्या विषनी बाटलीमां ठेवतस. मी दर बुधवारले राती हंडामां काढी ठेवस. तांबामां पाणी शुद्ध व्हस. सकाळले परत भरी देस. बाटलीबी धुई काढस."

"कधीपासून?"

"पहिलापासून. सात वरीस व्हयनात. चिंच लाईसन घासस हंडा, बुधवारना बुधवार."

चिंचेनं घासून लख्ख केलेलं तांबं, आणि त्यात रात्रभर वाफेचं पाणी. असं पाणी तांबं ओढून घेतं, हे फिजिक्सच्या लेक्चररला सांगावं लागत नाही. चुडामण दारातच उभा होता, हातात बर्फाचं रिकामं पोतं. तिनं बरणीचं बूच लावलं, पदरानं बरणी पुसली आणि विचारलं, "मनं पाणी लागनं ना तुमना कामले?"

तो म्हणाला, "लागलं."

"मग बठ्ठं बरं व्हई," ती म्हणाली. मग सगळं चांगलं होईल म्हणून.

हे सांगून चुडामण रुळांकडे बघत बसला. मी म्हणालो, "अहो, मग अडचण काय होती? कारण तर सापडलं होतं."

"भाईदास सरही तेच म्हणाले. मी काही सांगितलं नव्हतं, सापडलं असेल असं गृहीत धरून म्हणाले. 'सुरवाडे, तांबं कुठून आलं तेवढं लिहून दे. सापडलं नाही तर काम खोटं ठरतं, सापडलं तर नुसती चूक ठरते. चूक माफ होते, दोन वर्षं वाढवून मिळतात.' कागद पुढे ठेवला, पेन दिलं."

"मग?"

"मी सांगितलं, सापडलं नाही."

"का पण?"

"काय लिहू, नाना? बायकोच्या हातच्या पाण्यानं नमुना बिघडला?" त्याचा आवाज चढला नाही. "तो कागद विद्यापीठात वाचला जाणार. मग आपल्या कॉलेजात येणार, तुमच्या टेबलावर. तुम्ही तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवणार. तिथे माठाशेजारी बसून लोक काय म्हणणार ते मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे."

मला माहीत होतं. कोण म्हणालं असतं, तेही माहीत होतं.

"आणि हे तिच्या कानावर गेलं असतं," तो म्हणाला. "तिची आई आयुष्यभर पायरीखाली उभी राहिली. कारण काय, तर हिच्या हातानं पाणी बिघडतं. आणि मी, तिचा नवरा, एमएस्सी झालेला, सही करून कळवणार, की होय, बिघडतं."

मालगाडी गेली.

"एप्रिलात एक दिवस ती घरी आली आणि तिनं विचारलं," चुडामण म्हणाला. "काम का सोडलं, धुळ्याला कोण होती. तिला कोणी काय सांगितलं मला माहीत नाही." हे बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "मी नाही म्हटलं असतं तर तिनं पुढचं विचारलं असतं. मग काम का सोडलं? ती सोडणारी नाही. खोटं बोललेलं तिला कळतं, पण एकच खोटं असं होतं जे तिनं आधीच मानलेलं होतं. मी म्हणालो, होती. आता जात नाही."

"आणि ती?"

"तिनं हंडा रिकामा केला, पालथा घालून माळ्यावर टाकला. तेव्हापासून आम्ही स्टीलच्या पिंपातलं पाणी पितो." मग थोड्या वेळानं म्हणाला, "निदान हंडा तरी खाली राहील असं मला वाटलं होतं."

गाडी आली. चढताना त्यानं माझा दंड धरला. "ती आहे तोवर बोलू नका, नाना. जमेल?"

जमलं. माझ्या जन्मात एवढी एकच गोष्ट मी पोटात ठेवली. चुडामण नव्याण्णवच्या उन्हाळ्यात गेला, वर्गात शिकवता शिकवता. बेबाबाई त्याच्या मातीला आली, रडली नाही, बायकांमध्ये सर्वांत मागे उभी राहिली. आठ वर्षं ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती, असं मुलगी म्हणाली. मी तिच्यासमोरून दोनदा गेलो. दोन्ही वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला शब्द दिला होता म्हणून मिटलं, असं मी स्वतःला सांगतो.

ती गेल्या पौषात गेली. मुलगी शिरपूरला दिलेली, ती घर आवरायला आली होती. तिनं माळ्यावरून हंडा खाली काढला. काळा पडलेला, आतून हिरवा थर चढलेला. गळ्यावरचं नाव बोटानं पुसल्यावर वाचता आलं.

"नाना, आईचा हा जीव की प्राण होता," ती म्हणाली. "का टाकला असेल वर?"

पाटीसाठी आणलेलं लाकूडही तिथेच होतं, वाळवी लागलेलं. मी म्हणालो, "बस. सांगतो." आणि तिला सांगितलं. आता तुम्हाला सांगितलं.

धुळ्याला बाई नव्हती. सुगराबी होती, तिचं वय तेव्हा अडुसष्ट होतं, आणि तिच्या विहिरीचं पाणी यंत्राला लागायचं. नमुन्यातलं तांबं बेबाबाईच्या हंड्यातलं होतं. बाईची बातमी मी उठवली होती. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात, जळगावच्या एसटी स्टँडवर, त्याच्या हातातली केळी पाहून.